कप हातातून उडतो, हे डॉक्टरांना सांगितलंत का?

पत्र थोडक्यात असं: निपाणीजवळच्या एका गावातून एका भावानं लिहिलंय. बहीण तेवीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, घरी शिवणकाम करते. चौदाव्या वर्षापासून तिला फिट येतात. मोठी फीट महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, बहुतेक सकाळी उठल्यावर. कोल्हापूर, मिरज, बेळगाव असे तीन डॉक्टर झाले. सध्या दोन वर्षं कार्बामाझेपिन चालू आहे. एका पाहुण्यांनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला : मेंदूत तार घालून मशीन बसवतात आणि फिट थांबतात. चौकशी केली तर खर्च लाखांत. वडील वीस गुंठे उसाचं रान विकायला निघालेत, गिऱ्हाईकही आलंय. आईचं म्हणणं, आधी सौंदत्तीला जाऊन यल्लम्माचं राहिलेलं फेडू. त्यात एक स्थळ आलंय. भाऊ विचारतो, ‘रान विकावं का? आणि स्थळाला सांगावं का?’

तुम्ही मला मावशी म्हणून लिहिलंत, तेव्हा जरा हक्कानं बोलते.

तीन पानी पत्र दोनदा वाचलं. रान, मशीन, स्थळ, सगळं नीट कळलं. पण मी अडकले ते दुसऱ्या पानाच्या तळाशी. तिथं तुम्ही जाता जाता लिहिलंय, ‘त्यात ती धांदरट. सकाळी चहाचा कप हातातून उडवते. आता तर आठवड्यात तीनदा. आई ओरडते, लक्ष कुठं असतं तुझं म्हणून.’ आणि पुढच्याच ओळीत उसाचा दर. रानाबद्दल दीड पान आणि कपाबद्दल दीड ओळ.

मी डॉक्टर नाही. तालुक्याच्या दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स होते, एवढंच. पत्रावरून आजार ओळखायचा नसतो हे मला कळतं. तरी विचारते : हा कप डॉक्टरांना कुणी सांगितला का? तीन डॉक्टरांपैकी एकाला तरी?

कारण अपस्माराचा, म्हणजे या फिटच्या आजाराचा, एक प्रकार असा आहे, की त्याची सुरुवातच अशा उडणाऱ्या कपापासून होते. ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी म्हणतात. वयात येताना सुरू होतो. झोपेतून उठल्यावर पहिल्या तासाभरात हातांना, खांद्यांना बारीक झटके बसतात. शुद्ध जात नाही, म्हणून कुणाला तो आजार वाटत नाही. ब्रश पडतो, कंगवा उडतो, चहा सांडतो, आणि घरचे म्हणतात पोरगी धांदरट आहे. मोठी फीटही बहुतेकदा सकाळचीच. झोप कमी झाली की हमखास. घरचे डॉक्टरांना मोठी फीट सांगतात, कप सांगत नाहीत. डॉक्टरांनी विचारायला हवं हे खरं. पण साठ-सत्तर पेशंटच्या ओपीडीत ते राहूनही जातं.

आता महत्त्वाचं. या प्रकारात कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन या दोन गोळ्यांनी झटके कमी होण्याऐवजी वाढू शकतात. एरवी दोन्ही चांगली औषधं आहेत, लाखो लोक त्यांच्यावर नीट आहेत. पण कुलूप वेगळं आणि किल्ली वेगळी असली, की जास्त जोर लावून उपयोग नसतो. बहिणीला हाच प्रकार आहे असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणते, की ही शक्यता कुणी तपासलेली दिसत नाही, आणि ती तपासायला रान विकावं लागत नाही. आणि हे वाचून आज रात्रीची गोळी बंद करू नका. फिटची गोळी एकदम तोडली तर एकामागून एक फीट येऊन जिवावर बेततं. बदल करायचा तो डॉक्टरांनीच, हळूहळू, दुसरी गोळी बसवत बसवत.

म्हणजे तुमच्या प्रश्नाच्या पोटात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे : औषधं करून झाली, आता मशीनच. खरंच करून झाली का? तीन डॉक्टर झाले म्हणजे तीन औषधं हरली असं नसतं. औषधाला दाद न देणारा अपस्मार कशाला म्हणायचं, याची व्याख्या जगभरच्या अपस्मारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१० साली ठरवून दिली आहे : त्या प्रकाराला योग्य अशी दोन औषधं, पुरेशा डोसमध्ये, नियमित घेऊनही फिट थांबल्या नाहीत तर. ‘योग्य’, ‘पुरेशा’ आणि ‘नियमित’ हे तिन्ही शब्द तपासून बघा. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की नीट निदान आणि नीट औषध मिळालं तर अपस्माराच्या शंभरातले सत्तरपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात. उरलेल्या तिसऱ्या हिश्श्यासाठी बाकीचे सगळे उपाय आहेत. तुमची बहीण कुठल्या हिश्श्यात आहे ते अजून ठरलेलंच नाही.

‘नियमित’चं विचारते म्हणून रागावू नका. आईनं मंगळवार-शुक्रवार धरलेत आणि मुलीलाही धरायला लावलेत, असं पत्रात आहे. उपवासाच्या दिवशी सकाळची गोळी घेते का ती? आमच्या दवाखान्यात एक बाई यायची, नवरात्रात दर वर्षी तिला फिट. देवी खेळते म्हणायचे घरचे. एकदा मी तिची गोळ्यांची पाकिटं मागवून टेबलावर मांडली आणि तिच्यासमोर मोजली. बरोबर नऊ दिवसांच्या गोळ्या शिल्लक. उपाशीपोटी गोळी घेऊ नये, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तुम्हीही आज रात्री पाकिटं मोजा. भांडायला नव्हे, नुसती मोजा.

आता मशीनचं. तो व्हिडिओ खोटा नाही. मात्र त्यात अर्धीच गोष्ट असते.

मशीन दोन तऱ्हेचं. एकात छातीच्या कातडीखाली छोटं बॅटरीचं उपकरण बसवतात आणि त्याची तार मानेत डाव्या बाजूच्या व्हेगस नावाच्या नसेला गुंडाळतात. ठरलेल्या वेळानं ते नसेला हलका विजेचा झटका देत राहतं. अमेरिकेत त्याला १९९७ साली मान्यता मिळाली. काहींचा आवाज झटक्याच्या वेळी घोगरा होतो. दुसऱ्या तऱ्हेत कवटीला भोकं पाडून बारीक तारा मेंदूत खोलवर, थॅलॅमस नावाच्या भागात सोडतात. तुमच्या पाहुण्यांनी दाखवलं ते हेच, डीप ब्रेन स्टिम्युलेशन. याचा मोठा अभ्यास २०१० साली छापून आला. ११० लोकांना तारा बसवल्या. नंतर तीन महिने निम्म्यांचं यंत्र चालू ठेवलं, निम्म्यांचं बंद, आणि कुणाचं चालू ते पेशंटला सांगितलं नाही. चालू असलेल्यांच्या फिट साधारण ४० टक्क्यांनी घटल्या, बंद असलेल्यांच्या साडेचौदा टक्क्यांनी. बंद यंत्रानंही काही फरक पडला, हे मला तर फार बोलकं वाटतं. पुढे सगळ्यांचं चालू केलं आणि दोन वर्षांनी घट ५६ टक्क्यांवर गेली. फायदा सावकाश वाढत जातो. पण सलग सहा महिने एकही फीट आली नाही असे लोक किती? ११० मध्ये १४.

ज्याला दिवसात चार फिट येतात, पडून पडून ज्याचे दात गेलेत, त्याला निम्म्या फिट कमी होणं म्हणजे नवा जन्म. त्या माणसांसाठी हे यंत्र मोलाचंच आहे. पण ‘फिट बंद’ आणि ‘फिट निम्म्या’ यांत केवढं अंतर आहे, ते वडिलांना एकदा बसवून सांगा. गोळ्या सुटत नाहीत. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, म्हणजे पुन्हा ऑपरेशन आणि पुन्हा खर्च. तेव्हा कुठलं रान विकणार?

आणखी एक, जे व्हिडिओत सांगत नाहीत. त्या अभ्यासातले लोक मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या फिटचे होते. अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली तीही तशाच फिटसाठी, अठरा वर्षांवरच्या आणि औषधांनी न थांबलेल्या. मी वर म्हटला तो सकाळच्या झटक्यांचा प्रकार त्यात बसत नाही. तो एका भागातून सुरू होत नाही. म्हणजे बहिणीचा प्रकार तोच निघाला, तर वीस गुंठे विकून तुम्ही जे यंत्र आणाल ते तिच्यासारख्यांवर त्या अभ्यासात तपासलेलंच नव्हतं. आणि समजा फिट एकाच ठिकाणाहून सुरू होतात असं निघालं, तरी मशीनच्या आधी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विचार होतो. दोषाची जागा काढून टाकता येत असेल तर निकाल कितीतरी उजवा. दिल्लीच्या एम्सनं ११६ मुलांवर केलेला अभ्यास २०१७ साली आला : वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांत ७७ टक्के फिटमुक्त, नुसत्या औषधांवर ७ टक्के. मशीन येतं ते बहुतेक वेळा याच्याही नंतर.

मग करायचं काय? पुढच्या महिनाभरात एक वही घाला. तारीख, वेळ, आदल्या रात्री किती झोप झाली, पाळी कधी, गोळी चुकली का, आणि कप उडाला का. दुसरं, मोबाइल. तुम्ही पाहुण्यांचा व्हिडिओ बघितलात, आता बहिणीचा काढा, तिला विचारून. सकाळी ती चहा घेऊन बसते तेव्हाचा, आणि मोठी फीट आली तर तिचाही, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, नॉर्मल आला म्हणजे काही नाही असं नसतं, दोन फिटच्या मधल्या वेळेत काढलेला ईईजी पुष्कळांचा नॉर्मल येतो. रात्री कमी झोपवून सकाळी काढलेल्या ईईजीत कधी कधी सापडतं. ते विचारा.

व्हिडिओचा आग्रह मी आपल्या सीमाभागासाठी जास्त धरते. एकदा ओपीडीत एक आई सांगत होती, ‘पोरीला मूर्च्छा येती ओ डॉक्टर.’ तिच्या मनात होतं, घेरी येऊन पडते. समोरचे डॉक्टर हुबळीकडचे, घरची भाषा कन्नड. कन्नडमध्ये ‘मूर्छे रोग’ म्हणजे अपस्मारच. त्यांनी तेच ऐकलं आणि फिटच्या गोळ्या लिहिल्या. पोरीच्या अंगात रक्त सहा ग्रॅम होतं, म्हणून ती पडत होती. चूक दोघांचीही नाही, एकच शब्द सीमेच्या अलीकडे-पलीकडे अर्थ बदलतो. म्हणून आजाराचं नाव सांगूच नका. दिसलं ते सांगा : हात उडतो, डोळे वर जातात, ओठ चावला, चादर ओली झाली, नंतर तासभर झोपली. आणि तिन्ही डॉक्टरांचे कागद एका पिशवीत, तारखेच्या क्रमानं लावून. कुठलं औषध, किती मिलिग्रॅम, कधीपासून कधीपर्यंत, हे एका कागदावर. तो कागद तुम्ही लिहा, मशीनच्या चौकशीइतकाच मन लावून.

जायचं कुठं? मेंदूविकारतज्ज्ञ बेळगावातही आहेत आणि कोल्हापुरातही. एकच धरा आणि वर्षभर बदलू नका. धारवाडला डिमहान्स आहे, मेंदूच्या आणि मनाच्या आजारांचं सरकारी रुग्णालय. त्यांनी पुढं जा म्हटलं तर बेंगळुरूचं निम्हान्स, नाहीतर तिरुअनंतपुरमचं श्री चित्रा, जिथं १९९५ पासून अपस्माराच्या शस्त्रक्रिया होतात. मशीन हवंच का, याचा निर्णय अशा ठिकाणी अनेक डॉक्टर एकत्र बसून घेतात. एका माणसाच्या सांगण्यावरून आणि एका व्हिडिओवरून नव्हे.

योजनांचं म्हणाल तर आपण दोन दारांत उभे असतो आणि दोन्हीकडून वारा लागतो. इकडचं आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक कार्ड आहे का बघा. तिकडं महाराष्ट्र सरकारनं २०२३ साली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली. त्यावरून दोन राज्यांत वादावादीही झाली, ती सोडा. तुमचं गाव यादीत आहे का आणि कुठल्या हॉस्पिटलात काय बसतं, हे कागद घेऊन आधी विचारा, ॲडमिट झाल्यावर नाही.

एक चीड मात्र बोलून दाखवते. २०२२ साली जागतिक आरोग्य सभेनं अपस्मार आणि मेंदूच्या इतर आजारांसाठी २०३१ पर्यंतचा आराखडा मान्य केला. त्यात अपस्मारासाठी ९०-८०-७० असं लक्ष्य आहे : नव्वद टक्के रुग्णांना हा उपचार होणारा मेंदूचा आजार आहे हे ठाऊक हवं, ऐंशी टक्क्यांना परवडणारं औषध मिळायला हवं, आणि उपचार घेणाऱ्या सत्तर टक्क्यांच्या फिट आटोक्यात हव्यात. लेव्हेटिरासिटाम, व्हॅल्प्रोएट, फेनोबार्बिटोन ही सगळी आपल्या देशाच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. कागद उत्तम आहे. पण मी नोकरीत असताना महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या खिडकीवर ‘स्टॉक नाही’ हे किती वेळा म्हटलंय, ते मलाच ठाऊक. तेव्हा गोळ्या पंधरा दिवसांच्या शिल्लक असतानाच पुढच्या आणा.

आता एक विचारते. तीन पानांत वडील काय म्हणतात ते आहे, आई काय म्हणते ते आहे, पाहुणे आणि गिऱ्हाईकसुद्धा आहे. बहिणीचं एकही वाक्य नाही. डोक्याला भोक तिच्या पाडायचंय. तिला हे मशीन हवंय का? कप उडायच्या आधी तिला काय जाणवतं, कुणी विचारलंय? तेवीस वर्षांची, हिशेब शिकलेली मुलगी आहे, वही तिच्याच हातात द्या. डॉक्टरांकडे गेल्यावर पाच मिनिटं तिला एकटीला बोलू द्या. पाळी, लग्न, मनाची उदासी, हे भावासमोर निघत नाही. अपस्मारात उदासी पुष्कळांना येते, आणि तिच्यावरही उपचार असतो.

लग्नाचं. कायद्याचं बुजगावणं आता नाही. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी लग्नाच्या अटींत अपस्माराचा उल्लेख होता, तो १९९९ साली काढून टाकला. या आजाराची माणसं लग्न करतात, मुलं होतात. पण सांगायचं की नाही, यावर माझं मत पक्कं आहे : सांगायचं. पहिल्या चहापोह्यांना नको, पण बोलणी पुढं गेली की सुपारी फुटायच्या आधी, आणि शक्यतो तिनं स्वतः मुलाला. लपवलं तर काय होतं ते मी पाहिलंय. नवी नवरी गोळ्या पेटीत साड्यांखाली ठेवते, घरात माणसं असली की घ्यायला मिळत नाहीत, हळदीपासून पूजेपर्यंत झोप नाही, आणि चौथ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात फीट. ऐकून जे स्थळ परत जाईल ते आत्ताच गेलेलं बरं. दुसरं म्हणजे, लग्न ठरण्याआधीच डॉक्टरांना सांगा की पुढं मूल हवंय. व्हॅल्प्रोएट हे त्या सकाळच्या झटक्यांवर फार गुणकारी औषध, पण ते चालू असताना दिवस गेले तर शंभरात दहाएक बाळांत जन्मतः व्यंग येतं, आणि पुढं बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होऊ शकतो. म्हणून तरुण मुलींत डॉक्टर शक्यतो दुसरं औषध बघतात. फॉलिक ॲसिडचंही विचारा.

आईशी यल्लम्मावरून वाद घालू नका. डोंगरावर जायचं तर जाऊ द्या, मीही जाते. फक्त दोन गोष्टी आईकडून कबूल करून घ्या : गोळी बरोबर न्यायची, आणि रात्रभर जागरण मुलीला नाही. उपवासाला पाण्याबरोबर गोळी घेतली तर उपवास मोडत नाही, हे आईला तुमच्यापेक्षा देवळातल्या कुणी सांगितलं तर लवकर पटेल.

हे सदर इतरही वाचतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. मागच्या पावसाळ्यात बेळगावच्या सीबीटी बसस्टँडवर निपाणीच्या गाडीपाशी एका पोराला फीट आली. क्षणात कोंडाळं. एकानं किल्ल्यांचा जुडगा त्याच्या मुठीत कोंबला, एक चप्पल काढून नाकाला लावत होता, एक आजी कांदा शोधत होती. एक माणूस चमचा घेऊन दात उघडायला बसला होता, त्याला मी अक्षरशः ढकललं. पोराचं जर्किन घडी करून डोक्याखाली दिलं, कुशीवर वळवलं, गळ्याचं बटण काढलं आणि घड्याळ बघत बसले. दीड मिनिटात फीट आपोआप थांबली. किल्लीनं थांबली असं किल्लीवाल्यानं लगेच सांगितलंच. तोंडात काही घालू नका, पाणीही नाही. हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांच्या पुढं गेली, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर १०८ ला फोन. अंघोळीला आतून कडी नको, विहिरीवर एकटीनं जायचं नाही, चुलीजवळ दुसरं कुणीतरी हवं.

आणि कोबीतला किडा मेंदूत जाऊन फिट येतात म्हणून कोबी बंद केलेल्या घरांना : दोष कोबीचा नाही. डुकराच्या फीतकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, मातीत आणि न धुतलेल्या हातांवर येतात, तिथून कुठल्याही कच्च्या भाजीवर. मेंदूत त्याच्या गाठी झाल्या की फिट येतात, शुद्ध शाकाहारी माणसालासुद्धा. सांडपाण्यावर पिकलेली कोथिंबीर कोबीइतकीच धोक्याची. संडास वापरा, हात साबणानं धुवा, भाजी वाहत्या पाण्यात धुवा. ही फीट बहुतेकदा औषधानं बरी होते.

गिऱ्हाइकाला सांगा, दिवाळीनंतर बघू. इसार घेतला असेल तर परत करा, थोडं वाईट वाटेल त्याला, वाटू दे. ऊस तोवर कारखान्याला जाईल, त्या पैशात ईईजी, एमआरआय आणि बेंगळुरूच्या दोन खेपा सहज होतील. आणि वडिलांना सांगा, रान विकायची तयारी दाखवलीत हे तिला कळलंय, तेवढं पुष्कळ झालं.

तोवर सकाळचा चहा तिला जरा निववून, स्टीलच्या पेल्यात अर्धाच द्या, खाली बसवून. आणि सांडला तर आईनं ओरडायचं नाही, वहीत वेळ लिहायची.